साहेबांच्या शेरवानीचं माप

शिवणवर्ग चालवलेल्या बाईच्या घरात दोन गोष्टी कधी संपत नाहीत. चिंध्या आणि किस्से! चिंध्यांच्या मी आजवर अकरा वाकळा शिवल्या, लेकीसुनांना वाटल्या, तरी गाठोडं आहे तेवढंच आहे. किश्श्यांचं तर त्याहून अवघड. एक ओढायला जावं, तर त्याच्या टोकाला दुसरा टाचलेला निघतो. तेव्हा आज बसलाच आहात, तर ऐका. चहा नंतर.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. परभणीत कापसाच्या जिनिंगचे कारखाने होते आणि त्यांच्या मागे कामगारांची वस्ती, पत्र्याची आणि कुडाची घरं. माझे यजमान कचेरीत कारकून. मी लग्नाआधी औरंगाबादेत मावशीकडे राहून शिवण शिकले होते, आणि परभणीला आल्यापासून नुसतं घरात बसून माझे हात शिवशिवायला लागले होते. गावातल्या एका शेटजींच्या आईनं पायाने चालवायची दोन शिलाई मशिनं दिली. वस्तीजवळच्या धर्मशाळेची ओसरी मिळाली. ओसरीला बांबूच्या काड्यांचा पडदा, म्हणजे चीक लावली, म्हणजे आतल्या बायका बाहेरून दिसायला नकोत. नऊ बायका जमल्या आणि वर्ग सुरू झाला. वर्ग कसला, रोजची जत्राच!

*

मशिनं रेल्वेनं आली, स्टेशनावरून टांग्यानं आली. बायकांनी दारातच त्यांना ओवाळलं. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, खोबरं वाटलं. मी खूश. मग मी मशीनच्या एकेका भागाचं नाव सांगत चांगलं अर्धा तास भाषण केलं आणि म्हटलं, "चल रुक्मिणे, तू पहिली बस."

रुक्मिण म्हणजे आमच्यातली सगळ्यात कमी बोलणारी. नवरा जिनिंगमध्ये कामाला होता, तो तापानं गेलेला. एक मुलगी, सोनी, मुलींच्या शाळेत जाणारी. रुक्मिण बाकावर बसली ती पाय दुमडून!

"अगं, पाय खाली सोड. त्या लोखंडी जाळीवर ठेव आणि हलव."

रुक्मिण माझ्याकडं बघत राहिली. "बाई, आत्ताच कुंकू लावलं ना हिला? लक्ष्मी हाय ती. लक्ष्मीला लाथ मारायची?"

मी समजावलं, रागावले, स्वतः बसून चालवून दाखवलं. माझ्या पायांकडं सगळ्या अशा बघत होत्या, की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं! एकजण पुढं येईना. शेवटी मागून चाँदबी उठली. तिचा नवरा टांगा हाकायचा, आणि तिची जीभ त्याच्या चाबकापेक्षा तेज. "मैंने कुंकू नै लगाया ना? मैं चलाती पाँव से! मेरेकू कुछ नै होता!"

झालं! पुढचा आठवडाभर आमच्या वर्गात एका बाकावर दोघी बसायच्या. पाय चाँदबीचे, हात दुसरीचे. पायाला थांबायचं कळायचं नाही आणि हाताला वळायचं. एकदा शिवलेलं झबलं उलगडून बघितलं, तर त्याला गळाच नव्हता!

आठव्या दिवशी चाँदबी बहिणीकडं सेलूला गेली. काम ठप्प. रुक्मिण बराच वेळ मशीनकडं बघत बसली. मग उठली, त्या जाळीला हात लावून तो कपाळाला लावला आणि म्हणाली, "आई, लेकराचा पाय लागतोच की." आणि बसली! खडखड खडखड असं मशीन सुरू झालं, की रस्त्यावरची माणसं थांबली. त्या दिवसापासून हा रिवाजच पडला. आधी जाळीला नमस्कार, मग पाय.

चाँदबी परत आली, बघितलं, आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, "अगे, मेरी नौकरी गई!" पण दोन दिवसांनी मी बघते, तर तीही गुपचूप जाळीला हात लावून कपाळाला लावत होती.

"चाँदबी, तू कशाला गं?"

"सब करते बाई. मैंच नै करी तो मशीन मेरेपेच गुस्सा होगी ना!"

*

पहिलं बाहेरचं काम आलं ते यजमानांच्या कचेरीतल्या मुनशीजींच्या सदऱ्याचं. बायकांनी परक्या पुरुषाचं माप घ्यायचं म्हणजे त्या काळी अब्रूचाच प्रश्न. म्हणून आम्ही पुरुषांचे जुने कपडे मागवून त्यावरून नवे बेतायचो.

मुनशीजींच्या सदऱ्याची एक बाही सकूनं केली, दुसरी चाँदबीनं. सकू वस्तीतल्या किसन हमालाची बायको, चणीनं एवढीशी. चाँदबी चांगली धिप्पाड. दोघींनी बाही मोजली तीन वीत आणि दोन बोटं. फक्त प्रत्येकीनं आपापल्या वितेनं! सदरा गेल्यावर माझ्या लक्षात आलं. मी तोंड लपवून बसले. संध्याकाळी यजमान मुनशीजींचा निरोप घेऊन आले.

"मुनशीजी म्हणाले, लिहायच्या हाताची बाही आखूड केली ते फार बरं झालं. शाई लागत नाही. पुढचाही असाच शिवा!"

मुनशीजी हसले, पण मी कुठली हसतेय! दुसऱ्या दिवशी मी फर्मान काढलं, टेपशिवाय कात्रीला कुणी हात लावायचा नाही. आता टेपवर आकडे, आणि नऊजणींतल्या आठजणींना आकडे येत नव्हते. रुक्मिणनं टेप हातात घेतला, खालीवर बघितला आणि परत दिला. मग तिनं एक जाड दोरा घेतला. गळ्याला एक गाठ, खांद्याला दोन, बाहीला तीन, छातीला जरा अंतर सोडून चार. सगळा सदरा त्या दोऱ्यावर!

"हे असलं इथं चालणार नाही," मी म्हटलं, आणि तिची चूक दाखवायला टेप लावून तपासलं. एका दोऱ्याचाही फरक नाही! पुन्हा तपासलं. तरी नाही. मी म्हटलं, "असो. टेप तो टेप." मी तिथंच हरले होते, पण कबूल करायला मला सहा महिने लागले. काय करणार, स्वभाव!

*

त्या रुक्मिणचे थोरले दीर ज्ञानोबा राणीसावरगावला शेती करायचे. एके दिवशी दुपारी ते चिकेबाहेर येऊन उभे राहिले. उन्हातून आले होते, मी पाणी दिलं. त्यांनी अंगातला कोट काढून चिकेलगतच्या खुंटीला लावला आणि मुद्द्यालाच हात घातला.

"बाई, रुक्मिणला न्यायला आलाव. भाऊ गेला, आता शहरात एकटी बाई कशाला? गावात लोक काय काय बोलायलेत. पोरीला बी घेऊन चला म्हणावं. शेतात काम हाय, भाकरी हाय."

वाईट नव्हता माणूस. पण गावी गेली म्हणजे सोनीची शाळा सुटणार होती आणि रुक्मिणचं मशीन. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची एक जागा रिकामी होती, पण त्यांना सरकारी सनद हवी होती, आणि आमच्या वर्गाला अजून सनदच मिळालेली नव्हती. मी ज्ञानोबांना हे सगळं सांगितलं. जरा वाढवूनच सांगितलं!

त्यांनी बराच विचार केला. "दिवाळीपतोर थांबतो. शिक्क्याचा कागद दाखवा, मी गावाला दाखवतो. कागद न्हाई, तर गाडी घेऊन येतो आन सामान भरतो."

एवढं बोलून त्यांनी कोट चढवला, दोन पावलं गेले आणि थबकले. आल्या वेळी कोटाचा खांदा उसवून लोंबत होता. आता तो टाके दिसणार नाहीत इतका साफ होता, वर बगलेत नवं अस्तर! मी चिकेआड वळून बघितलं. रुक्मिण पदर पुढं ओढून खाली मान घालून काज करत बसली होती.

"हे कोन केलं?" ज्ञानोबांनी विचारलं.

रुक्मिणनं सुईत नवा दोरा ओवला.

"कागद मात्र लागंलच," ते म्हणाले, पण आवाज बराच उतरला होता.

*

पुरुषाचा सदरा अंगावर चढवून बघायला पुरुष लागतो, आणि तो आमच्याकडं नव्हता. म्हणून आम्ही एक तयार केला! बांबूला आडवा बांबू बांधला, पोत्यात जिनिंगमधली सरकी भरून धड केलं, वर मडकं. मी त्याचं नाव ठेवलं किसनराव. नाव ठेवलं आणि सकू तोंडात पदर धरून कोपऱ्यात पळाली. तिच्या नवऱ्याचं नाव किसन, हे मला कुठं सुचलं होतं!

आता नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. मग सकू म्हणायची, "ह्यांचा खांदा उतरता हाय," "ह्यांना बाही ढिली व्हायली." सगळा वर्ग हसून लोळायचा. हळूहळू सकूची भीड चेपली. घरी नवऱ्यापुढं तोंड वर न करणारी ही बाई, त्या पोत्याला म्हणायची, "अहो, सरळ उभं ऱ्हावा की! दिवसभर हमाली मी केली का तुमी?" एकदा तर तिनं मडक्याला टपली मारली आणि म्हणाली, "आज लय हलकं वाटायलंय, बाई!"

मग एक विचित्रच प्रकार सुरू झाला. आमचे सदरे लोकांना घट्ट व्हायला लागले. गिऱ्हाईकं तक्रार करायची, आम्ही पुन्हा किसनरावांवर चढवून बघायचो, तर झकास बसायचे! मी टेप तपासला, कात्री तपासली, नऊजणींवर ओरडून झालं. शेवटी एकदा मी जेवून लवकर परत आले, तर चाँदबीची बकरी किसनरावांना टेकून उभी. पोत्याला खालून भोक, आणि बकरी निवांत सरकी खातेय! महिनाभर किसनराव वाळत चालले होते आणि त्यांच्याबरोबर आमचे सदरे.

माझ्या मागोमाग सकू आली. तिनं बघितलं आणि सगळी धर्मशाळा गोळा होईल असा टाहो फोडला, "बाई गं, धावा! आमच्या ह्यांना बकरी खायली!"

*

शेरवानी शिकवायची म्हणजे मोठं संकट. कचेरीत कारकुनांनासुद्धा शेरवानी घालून जावं लागायचं, त्यामुळं शेरवानी ज्याला येते तोच खरा शिवणारा. मी कागदावर काढून दाखवली. कुणाच्या डोक्यात शिरेना. मग मला एक कल्पना सुचली. कल्पना सुचली की मला पुढचं काही दिसत नाही, असं यजमान म्हणतात. खरं आहे.

शुक्रवारी कचेरीला सुट्टी. यजमान दुपारी झोपले होते. मी त्यांची एकुलती एक शेरवानी उचलली, वर्गात नेली आणि सगळ्यांसमोर टाका न् टाका उसवली! सोळा तुकडे करून सतरंजीवर मांडले. "हा पाठीचा, हा बाहीचा, हा कॉलरचा. आलं लक्षात?" आलं! सगळ्यांच्या लक्षात आलं. आणि मग माझ्या लक्षात आलं, की उद्या शनिवार, आणि दहा वाजता कचेरी!

मी तुकडे जुळवायला घेतले, तर कुठला कुठं हेच आठवेना. रुक्मिण पुढं झाली. "बाई, तुमी सरका." तिनं आपला गाठींचा दोरा काढला आणि बसली. चाँदबी काज करत होती, सकू इस्त्रीचे निखारे फुंकत होती. दिवेलागणीला शेरवानी घरच्या खुंटीवर परत.

सकाळी यजमानांनी ती चढवली. हात वर केले, खाली केले, मागं वळून बघितलं. मी देवघरात लपलेली.

"काय गं, ही माझीच आहे ना?"

"तुमचीच की. का बरं?"

"काही नाही. सात वर्षांत पहिल्यांदाच काखेत टोचत नाहीये."

*

आणि मग दिवाळीच्या तोंडावर सनदेची तपासणी करायला तालीम म्हणजे शिक्षण खात्याचे मोठे अधिकारी, मोहतमिमसाहेब, आले. जनाना वर्ग, म्हणून साहेबांनी आपल्या बेगमना सोबत आणलं होतं. बेगम आत येऊन बघणार, साहेब चिकेबाहेर खुर्चीवर बसून ऐकणार. आम्हाला साहेबांचे दिसायचे ते फक्त बूट, आणि ऐकू यायचा तो आवाज. आवाज असा, की चीक थरथरायची!

बेगम गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या, माझ्याच वयाच्या. झबली बघितली, परकर बघितले, "बहुत अच्छा, बहुत अच्छा" म्हणाल्या. मला वाटलं, मिळाली सनद!

बाहेरून आवाज आला, "झबला तो हर औरत सीती. सरकारी सनद है, मजाक नहीं. मेरी शेरवानी बनाओ. तीन दिन में."

त्यांनी शिपायाकरवी कापड आत पाठवलं. मी धीर करून म्हटलं, "साहेब, मापाला एखादी जुनी शेरवानी मिळेल का?"

"पुरानी देखके तो कोई भी बनाता. और सुनो, बाहर के दर्जी का हाथ लगा, तो सनद नहीं." बूट उठले आणि गेले.

आता आली का पंचाईत! साहेबांच्या अंगाला टेप लावणं कुणालाही शक्य नाही. जुना कपडा नाही. दर्जी नाही. सकू म्हणाली, "आवाज येवढा मोठा, म्हंजी छाती बी मोठी असंल." चाँदबी म्हणाली, "नै गे, बूट छोटे हैं." किसनरावांचं तर बकरीनं आधीच वाटोळं केलेलं. मी चक्क रडायच्या बेताला आले. रुक्मिणकडं तर मला बघवेना. ज्ञानोबांची गाडी तीन दिवसांत येणार होती, आणि तिनं आपलं गाठोडं बांधून आधीच ओसरीच्या कोपऱ्यात आणून ठेवलं होतं. त्यात सोनीची पाटीही होती.

दुसऱ्या दिवशी बेगम एकट्याच वर्ग बघायला आल्या. रुक्मिण उठली, चाँदबीचा हात धरला, बेगमना आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. आम्ही सगळ्या दाराला कान लावून! आधी रुक्मिणची कुजबुज. मग चाँदबीचा आवाज, "या अल्ला! ये मैं नै पूछती!" मग पुन्हा कुजबुज. मग बेगमचं हसू. असं हसू, की थांबता थांबेना!

दार उघडलं. बेगमचा चेहरा लालेलाल, चाँदबीच्या तोंडात ओढणीचा बोळा, आणि रुक्मिणच्या हातात दोरा. त्याला गाठीच गाठी.

"मिळालं माप?"

"मिळालं."

"अगं पण कसं?"

"बाई, तुमी तुमचा टेप धरून बसा," रुक्मिण म्हणाली, आणि जाळीला नमस्कार करून मशीनवर बसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेरवानी बाहेर गेली. रस्त्यापलीकडं लिंबाखाली ज्ञानोबांची गाडी उभी होती, बैल सोडलेले. बेगम आत आमच्यात येऊन बसल्या होत्या. साहेब बाजूच्या खोलीत गेले, शेरवानी घालून बाहेर आले. बूट चिकेसमोरून इकडं गेले, तिकडं गेले. हात वर झाल्यासारखं कापड सळसळलं. बटणं एकेक करून लागल्याचा आवाज मी मोजला. सगळी लागली!

"माप किसने लिया?"

मी रुक्मिणकडं बघितलं.

"सच बोलो! ऐसा माप मेरे हैदराबाद के दर्जी का भी नहीं. कौन से दर्जी को बुलाया?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रुक्मिण डोक्यावरचा पदर सारखा करून चिकेजवळ गेली. वर्षभरात तिचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

"दर्जी न्हाई, साहेब. बेगमसाहेबांनी माप दिलं."

"उनके पास टेप कहाँ से आया?"

"टेप कशाला, साहेब? त्यांना दोन हात हायेत की!"

चिकेपलीकडं बूट जागच्या जागी थांबले. अलीकडं बेगमनी माझ्या पदरात तोंड खुपसलं. मग साहेबांनी शिपायाला अगदी हळू काहीतरी सांगितलं, सनदेचा कागद उलगडला, आणि बाहेरच्या टेबलावरून शिक्क्याचा आवाज आला.

ठप्प!